एकावर एक दोन खुर्च्या

नंदगड, ८ जुलै २०२४

आक्का,

वर साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत हाय, तो लिहिला असं समज. हात जोडायचं मन झालं की खरोखरचा लिहीन.

फोन केला न्हाय, कारण फोनवर तू हसशील. तुझं हसणं मी साखरपुड्यात पोटभर ऐकलंय. निपाणीचा तो हॉल गच्च भरलेला, नवरदेवाकडचे पाहुणे पहिल्या रांगेत, आणि तुझा सख्खा भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीसकट जमिनीवर. खुर्चीचे पाय चार दिशांना आणि मी मधोमध. बरं, पडलो. खुर्ची हलक्यातली होती. पण दाजी काय बोलले? "यांना स्वतःला उचलणं होत न्हाय, माझ्या पोरीला काय उचलणार?" हरिभाऊ मास्तर. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला आणि बायकोचं माहेर कुठल्या दिशेला हाय ते अजून माहीत न्हाय. त्यांच्याकडनं मला वेगळी अपेक्षा नव्हती. पण तू हसलीस. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसलीस. मी न जेवता उठून बस धरली, ते तरी तुझ्या ध्यानात आलं का?

परवा काकाच्या सौरवचा फोन. "अण्णा, निपाणीहून निरोप आलाय. लग्नात दर्शूला मी उचलायचं म्हणं." म्हणं. आपल्यात मामानं भाचीला उचलून बोहल्यावर आणायची रीत हाय. तुला आपल्या मामानं आणलं, आणि तू काय त्या वेळी काडी नव्हतीस. दर्शूचा सख्खा मामा एकच, तो मी. तर मला बाजूला सारून चुलत मामा उभा केलात. का, तर तो बेळगावात जिमला जातो. त्याचे दंड बघितलेस? लोखंड उचलून उचलून आलेत. आयुष्यात एक भाताचं पोतं गाडीवर चढवलेलं न्हाय त्या पोरानं.

काल खानापुरात डॉक्टरकडं जाऊन आलो. वजन एकशे एकोणीस. डॉक्टर कालचं पोरगं. विचारतो, वडील कशानं गेले? सांगितलं, चोपन्नाव्या वर्षी, माळ्यावर चढताना चौथ्या पायरीवर छाती धरून बसले ते उठलेच न्हाईत. तुमचं वय? म्हटलं, त्रेपन्न. त्यावर तो असा बघाय लागला, जणू मी गेलोच हाय, आता फक्त पाहुण्यांना कळवायचं राहिलंय. म्हणाला, पंच्याण्णवपर्यंत आणा, मग बोलू. मी फी टाकून बाहेर आलो.

हे तुला काळजी वाटावी म्हणून लिहिलेलं न्हाय. मे महिन्यात दर्शूला मीच उचलणार, एवढंच सांगायचंय. दाजींना मोठ्यानं वाचून दाखव.

ज्योतिबा


नंदगड, १ सप्टेंबर

आक्का,

उत्तर न्हाय. बरं हाय. मास्तरणीला वेळ कुठला.

मालू मला बेळगावला घेऊन गेली, आहार सांगणाऱ्या शाल्मली मॅडमकडं. तिचं मनगट माझ्या अंगठ्याएवढं. म्हणाली, "सर, भात बंद." म्हटलं, मॅडम, मी भाताच्या मिलमध्ये मुकादम हाय. दिवसभर कोंडा नाकातोंडात जातो, तो धरायचा का सोडायचा? हसली बी न्हाय. एक कागद हातात ठेवला. सकाळी ओट्स. आक्का, ओट्स म्हणजे पतंगाला लावायची खळ. तीच गरम करून वाटीत देतात आणि वर दोन बदाम ठेवतात. मालू रोज सकाळी ती वाटी माझ्यासमोर ठेवते आणि स्वतः पलीकडं बसून भाकरी-पिठलं खाते. संसार म्हणतात याला.

पहाटे गावाबाहेरच्या समाधीपर्यंत चालतो. तिथं चालणाऱ्यांचा एक कळपच हाय. सगळे पेन्शनवाले. हात कवायतीसारखे हलवायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि नंतर कट्ट्यावर बसून एकमेकांना पायऱ्या किती, ठोके किती सांगायचे. त्यातला एक बँकेतला साहेब मला म्हणतो, "ज्योतिबा, मोटिवेशन पाहिजे. सकाळी उठलं की आरशात बघून स्वतःला शाब्बास म्हणायचं." मी बघितलं आरशात. शाब्बास म्हणावं असं कायच दिसलं न्हाय. मला असलं काय लागत न्हाय. चढ आला, दम लागला, की मी दाजींचं तोंड डोळ्यांपुढं आणतो. "स्वतःला उचलणं होत न्हाय." मग तुझे हलणारे खांदे आणतो. पाय आपोआप पुढं पडतात. साहेबाला म्हटलं, तुम्हाला बी एक असला मेव्हणा मिळो.

एकशे पंधरा झालो. मिलच्या काट्यावर बघितलं, सगळ्या हमालांसमोर. सौरवला सांग, दंड गुंडाळून ठेव.

ज्योतिबा


नंदगड, ४ ऑक्टोबर

आक्का,

एकशे अठरा. हसून घे.

म्हाळ आले, दुसरं काय. पंधरा दिवस गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी म्हाळ, आणि आवतण पहिलं मला. माझ्यासारखा जेवणारा पंगतीत बसला की त्यांचे पितर तृप्त होतात म्हणं. जिवंतपणी ज्यांनी बापाला दूध पाजलं न्हाय ते माझ्या पानात खीर ओततात. वडे, घाऱ्या, खीर, परत वडे. मी साकु साकु म्हणत पानावर हात आडवा धरायचा, तर गल्लीतल्या भावकूची म्हातारी हात बाजूला करून वाढते आणि डोळ्याला पदर लावते, "आमचे ते असंच साकु म्हणायचे." आता तिच्या मेलेल्या नवऱ्याला न्हाय कसं म्हणायचं, तूच सांग. शाल्मली मॅडमच्या कागदावर मेलेल्या माणसाचा रकाना न्हाय.

आपल्या आप्पांचा म्हाळ मीच घातला. तू आली न्हाईस. दरवर्षी येतेस, यंदा न्हाईस. आप्पांच्या नावानं काढलेलं पान मी गाईला घालायला नेलं आणि वाटेत उभं राहून त्यातला एक वडा खाल्ला. गाईनं बघितलं. त्या वड्यासाठी मला स्वतःची एवढी शिसारी आली की संध्याकाळी परत समाधीपर्यंत जाऊन आलो, पावसात, छत्री न घेता. तिथं कळपातलं कोणच नव्हतं. पाऊस पडला की त्यांचं मोटिवेशन घरात बसतं.

चोपन्न पुरं व्हायला अजून चार महिने हाईत मला. हे असंच लिहिलं.

ज्योतिबा


नंदगड, १८ नोव्हेंबर

आक्का,

एकशे तेरा!

दीड महिन्यात पाच किलो. मिलच्या काट्यावर, भरमू हमाल साक्षीला. मी बँकेच्या साहेबाला सांगितलं, शाल्मली मॅडमना फोन केला, सौरवला केला, गल्लीत सांगितलं, बसच्या कंडक्टरला सांगितलं. खानापूरहून निपाणीकडं जाणारा जो भेटंल त्याला सांगतोय. तुझ्यापर्यंत आलं असंलच. दाजींचं तोंड कसं झालं तेवढं एका ओळीत कळव. एक ओळ. फार मागत न्हाय.

ज्योतिबा


नंदगड, १६ डिसेंबर

आक्का,

नीट बसून वाच. बाजूला दाजी असतील तर त्यांनाही बसव, आनंद सहन व्हायचा न्हाय.

आज डॉक्टरकडं गेलो. छाती काढून काट्यावर उभा राहिलो. एकशे सतरा. म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. डॉक्टर स्वतः उभा राहिला, नर्सला उभी केली. काटा बरोबर. मग मी दवाखान्याच्या पायरीवर बसून विचार केला आणि मला कळलं.

नवं भात ओलं असतं. वाळलं की वजन उतरतं, म्हणून मिलमध्ये पोत्यामागं चार किलो तूट धरतात. सगळ्या शेतकऱ्यांना माहीत असतं, लपवाछपवी न्हाय. सुगीला गाड्यांची रांग लागली की दर पोत्याला वजाबाकी करत कोण बसणार, म्हणून नोव्हेंबर लागला की काटाच चार किलो कमी दाखवंल असा लावून ठेवायचा. उन्हाळ्यात परत सरळ करायचा. वीस वर्षं तो काटा लावणारा कोण? मीच. माझ्या हातानं लावला, आणि त्याच्यावर मीच चढलो, आणि माझं मीच ओल्या भातात वजन केलं. भरमूला सांगितलं तर तो पोत्यावर पडून हसला. "मुकादम, तुम्ही अजून वाळला न्हाईसा."

पाच महिने. ओट्स, पहाट, पाऊस, कळप. सगळं मिळून दोन किलो. एवढं तर मी दाढी-कटिंग करून आणि चपला काढून कमी केलं असतं. सगळ्या तालुक्याला सांगून बसलोय. बँकेचा साहेब काल पेढे मागत होता.

आक्का, मी सोडलं. उचलू दे सौरवला. दर्शूला काय, कोण बी उचललं तरी बोहल्यावर पोचल्याशी कारण. मी लग्नाला येणार न्हाय. आलो तर मागच्या रांगेत उभा राहीन, खुर्च्या तुमच्या तुम्हाला. आज मालूला सांगून ताटभर भात घेतला, वर आमटी, वर तूप. आप्पा जेवायचे तसा जेवलो. आता तुला लिहायचं बी कारण न्हाय.

ज्योतिबा


नंदगड, ९ जानेवारी २०२५

आक्का,

काळजाला कुठं तरी मऊ जागा असती माणसाच्या. तुझ्या तिथं काय भरलंय?

मी हरलो म्हणून लिहिलं. सहा महिन्यांत तुझी ओळ न्हाय, अक्षर न्हाय. आणि आता कुरिअरवाला दारात. डबा. बेळगावच्या दुकानातला कुंदा, दोन किलो. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव, आत चिठ्ठी न्हाय, कागदाचा कपटा न्हाय. दोन किलो म्हणजे बरोबर जेवढं मी उतरवलं तेवढं. परत घे म्हणून पाठवलंस व्हय? एवढा बारीक हिशेब दाजींच्या डोक्यातला न्हाय, हा तुझाच. लहानपणी मी रडाय लागलो की तू तोंडासमोर चिंच खायचीस, तीच तू.

डबा उघडला. वास आला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांना बी. मालू म्हणाली, खावा एक घास, बहिणीनं पाठवलाय. मी झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि चालत मिलवर गेलो. बसनं न्हाय, चालत. दोन तास लागले. हमालांना बोलावलं आणि सगळा कुंदा माझ्या हातानं वाटला. भरमू बोटं चाटत म्हणाला, "मुकादम, तुमच्या बहिणीचा जीव हाय तुमच्यावर." मी त्याला चार पोती जास्त उचलायला लावली.

आणि त्या रिकाम्या डब्यावर हात ठेवून सांगतो, दर्शूला मी उचलणार. मंडपात, दाजींच्या नाकासमोर, तुझ्या नाकासमोर. नंतर मेलो तरी चालंल, पण बोहल्यावर ठेवून मग. आता काटा डॉक्टरचा. पंधरवड्यातनं एकदा. कुणाला सांगणार न्हाय. तुला सांगणार, कारण तुला त्रास व्हावा ही माझी इच्छा हाय.

ज्योतिबा


नंदगड, २० एप्रिल

आक्का,

लग्नाची पत्रिका पोचली. "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" असलं काहीतरी लाडिक खाली छापायची दाजींना हौस, ते छापलंय. माझं नाव निमंत्रकांत, सगळ्यात शेवटी, छापखान्याच्या नावाच्या वर. चांगलं हाय.

एकशे सात. मध्ये फेब्रुवारीत सर्दी-तापानं आठ दिवस पडलो, परत दोन चढले. मार्चमध्ये गावच्या जत्रेत मटण खाल्लं, एक चढला. प्रत्येक वेळी सोडावंसं वाटतं. खरंच वाटतं, आक्का. पहाटे अंथरुणात पडून वाटतं, कशाला हे, कोण बघतंय. मग तो रिकामा डबा दिसतो. मी तो मुद्दाम फळीवर ठेवलाय, झाकण काढून. उठतो आणि चपला घालतो. तीन दिवस चालणं चुकलं तर चौथ्या दिवशी चुकत न्हाय, एवढंच मला जमलंय. बँकेच्या साहेबानं जानेवारीतच सोडलं. आता घड्याळ त्याचा नातू घालतो.

उचलायचा सराव मिलमध्ये करतो. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं. पाठीवर घेणं मला नवं न्हाय, पण नवरीला पाठीवर न्हेता येत न्हाय. पुढं, दोन हातांवर, पोराला घेतल्यासारखं धरायचं आणि चालायचं, हे वेगळंच काम. पहिल्या दिवशी चार पावलांत पोतं सुटलं आणि फुटलं. मालकांनी पगारातनं धरलं. आता गोदामाच्या या दारापासनं त्या दारापर्यंत नेतो. भरमू पुढं तोंडानं सनई वाजवतो. काल घरी मालूला उचलून बघितलं. ती ओरडली, शेजारची रुक्माबाई पळत आली, तिला वाटलं आम्ही भांडतोय. मालू दिवसभर माझ्याशी बोलली न्हाय, पण रात्री भाकरीला तूप लावून दिलं. मी पुसून खाल्लं.

डॉक्टर म्हणाला, सपाटीवर न्या, पायऱ्या चढू नका. तुमच्या हॉलात स्टेजला पायऱ्या हाईत का? तेवढं तरी कळव. न्हाईच कळवणार तू. मी पायऱ्या हाईत असंच धरून चाललोय.

ज्योतिबा


नंदगड, १९ मे

आक्का,

तू सगळं बघितलंस, तरी लिहितो. तू बाहेरनं बघितलंस.

सौरव झब्ब्याच्या बाह्या दुमडून दाराशी उभा होता. दाजी त्याला म्हणाले, "तयार राहा रं, गरज लागंल." माझ्यासमोर म्हणाले. मी सरळ खोलीत गेलो. दर्शू पाटावर बसलेली, डोक्यापासनं पायापर्यंत नटलेली. मला बघितलं आणि दोन्ही हात वर केले, लहानपणी करायची तसे. सौरवकडं बघितलं बी न्हाय.

उचलली. आक्का, शालूचं वजन मला कोणच सांगितलं नव्हतं. दागिने, हार, मुंडावळ्या, त्यात पोतं कसं गप पडून असतं, पोरगी गप पडून राहत न्हाय. खोलीचा उंबरा ओलांडला तेव्हाच कळलं की हे पन्नासचं काम न्हाय. हॉलच्या मधोमध आलो आणि पकड सैल व्हाय लागली. समोर स्टेज. पायऱ्या तीन. आप्पा चौथीवर बसले होते, ते आठवलं. पुढच्या रांगेत दाजी उभे, डोळे फाडून. आणि माझ्या हातांवर दर्शू हलाय लागली. खांदे हलाय लागले. मला वाटलं, पोरगी रडती, माहेर सुटणार म्हणून. म्हटलं, रडू नको बाळ, हात सुटंल. तर ती माझ्या कानात म्हणती, "मामा, तू अजून वाळला न्हाईस."

रडत नव्हती. हसत होती. डिट्टो तुझ्यासारखी, पदर तोंडात कोंबून. "ते खळीचं बी वाचलंय मी. आईनं सगळी पत्रं वाचून दाखवली. दोन-दोनदा. भाताच्या काट्याचं वाचताना तिला पुढं वाचताच येईना, मग बाबांनी वाचलं."

दाजींनी वाचलं. त्या माणसानं मला त्याच्या आवाजात वाचलं. एवढा संताप आला मला, आक्का, की तीन पायऱ्या कधी चढलो ते कळलं न्हाय. पोरीला पाटावर उभी केली, अंतरपाट धरला आणि मी मागं सरलो. हॉलभर खुर्च्या मांडलेल्या, पण मी बसणार नव्हतो. खांबाला टेकून उभा राहिलो. अक्षता कशा टाकल्या ते माहीत न्हाय.

मग तू आलीस. सगळ्या पाहुण्यांतनं, नवरीची आई, नऊवारी सावरत, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन. एक दुसरीत घातलेली. सगळ्यांसमोर माझ्यामागं ठेवलीस आणि म्हणालीस, "बस."

मी म्हटलं, आता एकशे चार हाय मी. एक पुरती.

"माहीत हाय. बस."

बसलो. तू खाली वाकलीस, माझ्या पायाशी, जणू काय पडलेलं उचलतीस. म्हटलं, दहा महिने एक अक्षर न्हाय, आक्का. वाचून हसत बसलीस.

तू वर बघितलंस न्हाय. म्हणालीस, "उत्तर दिलं असतं तर तुझा राग गेला असता. राग गेला असता तर तू दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून राहिला असतास. मी तुला ओळखत न्हाय व्हय रं जोत्या? कुंदा खरेदी करताना दुकानातनं दोनदा माघारी फिरले. म्हटलं, हा खाऊन टाकला तर?" मग म्हणालीस, "आप्पांना कुणी राग आणला न्हाय. सगळे पानात वाढतच राहिले."

आणि उठून गेलीस, पाहुण्यांना पाणी विचाराय.

तुझ्यासारखी कपटी बाई अख्ख्या निपाणीत दुसरी नसंल. भावाला दहा महिने जाळलंस, वर त्याची पत्रं घरभर वाचून करमणूक केलीस, आणि ते काय बी नसल्यासारखं दोन खुर्च्या आणून ठेवतेस. मला तुझा तिरस्कार वाटतो. हे दर्शूला वाचून दाखवू नको. दाजींच्या हातात तर अजिबात देऊ नको.

मी फेब्रुवारीत चोपन्न झालो, तुला माहीत असंलच. आज पहाटे समाधीपर्यंत जाऊन आलो. पंच्याण्णवला अजून नऊ किलो बाकी हाईत.

या पत्राला उत्तर देऊ नकोस.

साष्टांग नमस्कार,
ज्योतिबा